डिंकानं सोडलेले दोन राजे

हा माणूस काहीही टाकत नसे. मोडक्या छत्रीची काडी, हरवलेल्या कुलपाची किल्ली, एका पायाचा मोजा, कधीच बंद पडलेल्या पेनाचं टोपण, सगळं त्याच्याकडे सुखानं नांदत होतं. कधीतरी लागेल, असं तो म्हणायचा. ते कधीतरी उजाडल्याचं त्याच्या बायकोनं लग्नाच्या एकतीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

पत्त्यांच्या क्लबात त्याला सगळे डिंक म्हणत. पोकरमध्ये बरे पत्ते हातात आले की शहाणा माणूस एकदा आजूबाजूला बघतो, कुणाचे आणखी बरे असतील का याचा अंदाज घेतो आणि धोका दिसला तर मुकाट्यानं पत्ते टाकून देतो. डिंकाला हे जमायचं नाही. हातात आलेलं सोडायचं म्हटलं की त्याची बोटं पत्त्यांना चिकटून बसायची. त्यामुळे चांगल्या पत्त्यांवर तो जितका जिंकायचा, तितकाच त्या चांगल्या पत्त्यांपायी मातीतही जायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर असायचा.

धंदा त्याचा कवळ्या बनवायचा. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्यांचा ठसा घ्यायचा, त्या ठशात डिंकानं प्लास्टर ओतून जबडा काढायचा आणि त्या जबड्यावर कवळी बसवायची. कवळी गेली गिऱ्हाइकाच्या तोंडात की प्लास्टरच्या जबड्याचं काम संपतं, इतर कारागीर तो फोडून टाकतात. डिंकानं एकही फोडला नव्हता. दुकानात मावेनात तेव्हा ते घरी आले आणि घरच्या मागच्या खोलीत फळ्यांवर रांगेनं बसले. सहाशे त्रेचाळीस होते. प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलीनं मालकाचं नाव होतं. त्यातल्या निम्म्या मालकांना आता दातांची काही गरज उरली नव्हती, पण जबडे आपले हसतच होते.

त्या खोलीवर बायकोचा डोळा होता, आणि तो असायलाही हवा होता. ती पडदे शिवायची. हॉटेलांचे, कचेऱ्यांचे, छतापासून जमिनीपर्यंतचे लांबलचक पडदे. ते कापायला घरात जेवणाच्या टेबलाखेरीज जागा नव्हती. कापड टेबलावरून खाली लोंबायचं, घसरायचं, तिरकं कापलं जायचं आणि मग तिला पुन्हा उसवून बसावं लागायचं. जेवताना घासात दोरा यायचा. पलीकडे बंद दाराआड सहाशे त्रेचाळीस जण मात्र ऐसपैस राहत होते. तिनं गोडीनं सांगून पाहिलं, रागानं सांगून पाहिलं, एकदा तर आठवडाभर अबोला धरून पाहिला. अबोला डिंकाच्या लक्षातच आला नाही.

मग क्लबाची मोठी स्पर्धा जाहीर झाली. सत्तावीस खेळाडू, आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्या तिघांना थेट राजधानीतल्या स्पर्धेत जागा, येण्याजाण्याच्या तिकिटासकट. चौथ्याला हात हलवत घरी. डिंक चार वर्षं याची वाट बघत होता. बायकोनं ते ताडलं आणि बरोबर वेळ साधून सौदा मांडला.

"पहिल्या तिघांत आलात तर जबडे राहू देत. जन्मात पुन्हा चकार शब्द काढणार नाही," ती म्हणाली. "नाही आलात तर खोली माझी. त्याच संध्याकाळी."

डिंकानं हात पुढे केला आणि दोघांनी व्यापाऱ्यांसारखं हस्तांदोलन केलं. रविवारी सकाळी तो क्लबात निघाला तेव्हा ती दारापर्यंत सोडायला आली, हे जरा विचित्र होतं. पण उत्साहात असलेल्या माणसाला असल्या गोष्टी दिसत नाहीत.

क्लब म्हणजे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. लाकडी जमीन, चार उंच खिडक्या, भिंतीशी कुणी न वाचलेल्या ज्ञानकोशांची कपाटं. खेळाचे पंचही ग्रंथपालच होते, त्यामुळे खालचा नियम वरही चालायचा. डाव सुरू असताना कुणी बोलायचं नाही. एखाद्यानं हातातल्या पत्त्यांवर फार वेळ खल केला की ग्रंथपाल त्याच्यापुढे एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवत. तेवढ्यात काय ते ठरवायचं, नाहीतर पत्ते गेले.

सत्तावीसांचे दुपारी साडेतीनपर्यंत चार उरले. एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक बसचा ड्रायव्हर, एक डिंक आणि चौथ्या बाई.

बाईंनी डिंकाला चौथीत गणित शिकवलं होतं. आता त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि अख्ख्या शहराला अजून चौथीतला समजत. एकट्याच राहत, तोंड दिवसभर चालू असे. क्लबातही डाव संपला की त्यांची शाळा भरायची. कुणी चिप्स, म्हणजे पैजेच्या चकत्या, मोजताना चुकलं की टोकायचं, कुणी पोक काढून बसलं की टोकायचं, ड्रायव्हरची नखं बघायची. ग्रंथपालांचा मौनाचा नियम त्या पाळत, पण डाव संपायची वाट बघताना त्यांचे ओठ शिवशिवत असत.

आणि बाईंच्या तोंडात डिंकानं बनवलेली कवळी होती. या कवळीत एक गोम होती, आणि ती जगात आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे अशी डिंकाची समजूत होती.

कवळीचे वरचे आणि खालचे दात नीट जुळावेत म्हणून गिऱ्हाइकाच्या हिरड्यांमध्ये मऊ मेणाची वळी ठेवतात. मग त्यानं तोंड मिटून दोन मिनिटं अगदी गप्प बसायचं. मेण घट्ट होतं आणि जबडे कुठे टेकतात ते कळतं. अकरा वर्षांपूर्वी हे काम डॉक्टरांनी कंटाळून डिंकावर सोपवलं होतं. त्यानं बाईंच्या तोंडात मेण ठेवलं आणि गप्प बसायला सांगितलं. बाईंनी मेणासकट त्याला विचारलं की हे सुरीसारखं हत्यार तू पालथ्या हातानं का धरतोस, आणि उत्तराची वाट न बघता पुढची दोन मिनिटं मेणातून त्या त्याला सुलट हातानं धरायला शिकवत राहिल्या. कुणाला फैलावर घेताना बाईंचा खालचा जबडा किंचित पुढे येतो. मेण तिथेच घट्ट झालं.

म्हणजे कवळी बरोबर बसली, पण रागावलेल्या बाईंना. त्या बोलत असल्या किंवा मजेत हनुवटी पुढे काढून बसल्या असल्या की ती अगदी बेमालूम. पण अस्वस्थ होऊन आवंढा गिळला की जबडा मागे जायचा, खालची कवळी मागून उचलली जायची आणि आवाज यायचा, टक. डिंकाला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कवळी परत मागवून दुरुस्त करायला हवी होती. पण एकदा हातावेगळं केलेलं काम चुकलं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. बाईंची तक्रार नव्हती, कारण गप्प बसायची वेळ त्यांच्यावर फारशी येतच नव्हती. त्यानंही मग विषय काढला नाही.

पुढे बाई क्लबात आल्या आणि त्या चुकीला सोन्याचे दिवस आले. हातात काही नसताना बाईंनी दडपून चिप्स पुढे केल्या की दोन क्षणांनी बारीकसं टक यायचं. खरोखर भारी पत्ते असले की शांतता. बाकीचे खेळाडू बाईंचे डोळे बघत, हात बघत. डिंक नुसता कान देऊन बसायचा. ही लबाडी आहे का, असा प्रश्न त्याला मधूनमधून पडे. मग तो स्वतःला सांगे की कुणाचा बूट कुठे चावतो हे चांभाराला माहीत असलं तर त्यात चांभाराचा काय दोष. चार वर्षं त्याचं या उत्तरावर समाधान होतं.

तर त्या दुपारी चहाच्या सुट्टीनंतर चौघं पुन्हा टेबलाशी बसले. बाई हात धुऊन आल्या त्या तोंडाला रुमाल लावून. औषधवाल्यानं लगेच खिशातून खोकल्याची गोळी काढून पुढे केली, बाईंनी मान हलवून नको म्हटलं. ड्रायव्हर पोक काढून बसला होता, त्यालाही त्या काही बोलल्या नाहीत. थंडी बाधली असणार, असं डिंकाच्या मनात आलं, आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

आता इथे खेळ थोडा समजून घ्यायला हवा. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते त्यानंच बघायचे. नंतर टेबलावर पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. त्या सातांतून ज्याचे पाच भारी ठरतील त्याचा डाव. पण ते पाच उघडण्याआधीच बोली लागते, आणि कुणालाही वाटलं तर आपल्या सगळ्या चिप्स एकदम पुढे लोटता येतात. समोरच्यानं मग एक तर तेवढ्या लावायच्या, नाहीतर पत्ते टाकून बाजूला व्हायचं. चिप्स संपल्या की माणूस बाद. शिवाय दर डावाला दोघांना पत्ते न बघताच सक्तीची बोली भरावी लागते आणि ती पाळी टेबलाभोवती फिरत राहते.

अर्ध्या तासानं ड्रायव्हरपुढे मूठभर चिप्स उरल्या होत्या. आणखी दोन डावांनी मोठी सक्तीची बोली त्याच्यावर येणार होती आणि त्याच्या सगळ्या चिप्स तीत जाणार होत्या. म्हणजे बाकी तिघांनी दोन डाव नुसतं हाताची घडी घालून बसायचं, की ड्रायव्हर बहुतेक चौथा. सगळ्यांना हे दिसत होतं, ड्रायव्हरला सगळ्यांत आधी.

पत्ते वाटले गेले. औषधवाल्यानं टाकले. ड्रायव्हरनं उसासा टाकून टाकले. बाईंनी रुमाल न काढता आपले पत्ते पाहिले, उलटे ठेवले आणि समोरचा चिप्सचा सगळा डोंगर दोन्ही हातांनी पुढे सरकवला. तो डिंकाच्या चिप्सपेक्षा मोठा होता. आता एकटा डिंक उरला.

त्यानं पत्त्यांचे कोपरे उचलले. इस्पिकचा राजा. बदामचा राजा.

दोन राजांच्या वर या खेळात एकच जोडी असते, दोन एक्के. आणि दोन एक्के कुणाच्या हातात येणं इतकं दुर्मीळ की त्यासाठी राजे टाकले असं कुणी क्लबात सांगितलं असतं तर त्याला ग्रंथपालांनीसुद्धा वेड्यात काढलं असतं. डिंकाचा हात आपोआप चिप्सकडे गेला. तो लावणारच होता. फक्त सवयीनं, खात्री करून घ्यावी म्हणून, त्यानं टकची वाट बघितली.

टक आलं नाही.

त्यानं मनात दहा आकडे मोजले. हॉलमध्ये भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, खाली कुणीतरी पुस्तकावर शिक्का मारत होतं तोही ऐकू येत होता. बाईंच्या तोंडातून मात्र काही नाही. रुमालाच्या वर दोन डोळे, अगदी निवांत. ग्रंथपालांनी वाळूचं घड्याळ आणून त्याच्यापुढे उलटं केलं.

ही शांतता डिंकाला पाठ होती. चार वर्षांत ती एकदाही खोटी ठरली नव्हती. ती खरी असेल तर बाईंकडे एक्के होते, आणि चिप्स लावल्या तर तो चौथा, आणि खोली गेली. मग त्याच्या डोळ्यांपुढे फळ्या आल्या. वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात त्याच्या वडिलांचा जबडा होता, तो त्याचं पहिलं काम. त्याला रडू येईलसं वाटलं. आणि तरी बोटं पत्त्यांवरून हलेनात. राजे आहेत, त्याचा सगळा जन्म त्याला सांगत होता, राजे कुणी टाकतं का. कधीतरी लागतील म्हणून छत्रीच्या काड्या जपणारा माणूस तो, आज खरोखर लागले तेव्हा राजेच टाकायचे?

वाळूची शेवटची चिमूट उरली. डिंकानं डोळे मिटले आणि पत्ते पुढे सरकवले. पण नुसते उलटे सरकवून त्याचं भागेना. आपण काय सोडलं ते जगाला कळायलाच हवं होतं, म्हणून त्यानं ते उघडे करून टाकले.

औषधवाल्याचा आ वासला. ड्रायव्हर खुर्चीतून अर्धा उठला. ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. राजांची जोडी टेबलावर शेजारी शेजारी पडली होती आणि टाकणारा डिंक होता.

बाईंनी सावकाश आपले दोन पत्ते उलटले. किलवरची नव्वी. चौकटची चव्वी. त्यांत काही म्हणजे काहीही नव्हतं.

मग बाईंनी पर्स उघडली आणि तिच्यातून प्लास्टिकची एक छोटी डबी काढली. त्या भिंतीकडे वळल्या, डबीतली वस्तू तोंडात गेली, रुमाल पर्समध्ये गेला, आणि इकडे वळल्या तेव्हा खालची दंतपंक्ती जागच्या जागी होती. डिंकानं कपाळाला हात लावला. ज्याची सगळी हयात तोंडात दात आहेत की नाहीत हे बघण्यात गेली, तो समोर अर्धं बोळकं बसलं असताना कान देत राहिला होता. खिडकीही त्यानंच लावली होती.

"चार वर्षं माझ्या दातांना कान लावून बसलायस," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटलं, मला ऐकू येत नाही? घरी मी एकटी असते. कवळी नवी होती तेव्हा पहिला महिनाभर मी घड्याळच बदलत होते."

डिंकानं उघडे पडलेले राजे तळव्याखाली झाकले.

"चौथीतही तू असाच. चूक झाली की खोडायची नाही, वर हात ठेवून बसायचं. गुरुवारी दहा वाजता येते. नवीन करून दे."

"बाई, दोन मिनिटं गप्प बसावं लागेल," डिंक कसाबसा म्हणाला.

"आत्ता चाळीस मिनिटं बसले होते. तू नीट माप घे, मी गप्प बसते."

औषधवाल्यानं हे नियमात बसतं का असं विचारलं. ग्रंथपालांनी नियमांची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि दातांचा उल्लेख कुठेही नसल्याचं जाहीर केलं. दोन डावांनी ड्रायव्हरच्या उरलेल्या चिप्स सक्तीच्या बोलीत गेल्या आणि औषधवाल्यानं त्या जिंकल्या. ड्रायव्हरनं सगळ्यांशी हात मिळवले. बाईंनी त्याला उरलेला वेळ नखं कापण्यात सत्कारणी लावायला सांगितलं.

असा डिंक पहिल्या तिघांत आला. खिशात राजधानीचं तिकीट घेऊन तो घराचा जिना चढला तेव्हा पाच वाजले होते. शेवटच्या वळणावर तो थांबला. दाराबाहेर फळांच्या सहा पेट्या रचून ठेवल्या होत्या. त्यानं वरचं कापड उचललं. आत जबडे होते, प्रत्येक जुन्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेला, एकालाही टवका न गेलेला. बायकोनं संध्याकाळची वाट बघितलीच नव्हती. छत्रीची काडी न टाकणारा माणूस पत्ते काय टाकणार, असा तिचा हिशेब होता, आणि सकाळी तो वळणाआड होताच ती कामाला लागली होती.

मागच्या खोलीत लांब टेबल लागलं होतं. त्यावर एका हॉटेलचा निळा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पसरला होता, कुठे लोंबत नव्हता, कुठे घसरत नव्हता. ती त्यावरून तळहात फिरवत होती. डिंकानं तिकीट तिच्यापुढे धरलं.

तिनं ते दोनदा वाचलं. चेहरा उतरला, पण शब्दाला पक्की होती. खडू बाजूला ठेवला आणि पडद्याची घडी घालायला घेतली. "उद्या दुपारपर्यंत सगळे जागेवर लावून देते," म्हणाली. मग न राहवून विचारलं, हे जमलं कसं.

त्यानं सगळं सांगितलं. राजे, रुमाल, डबी, नव्वी आणि चव्वी. ती आधी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकाएकी थांबली.

"एकतीस वर्षं मी घसा फोडून सांगतेय, टाका, टाका," ती म्हणाली. "आणि बाईंनी नुसते दात काढून ठेवले."

हे तिला खरंच लागलं होतं. डिंकाला ते दिसलं, अबोला दिसला नव्हता त्या माणसाला. त्यानं घडी घातलेल्या कापडाचं टोक तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा टेबलावर पसरलं. "राहू दे," तो म्हणाला. बाईंचा जबडा कुठल्या पेटीत आहे एवढंच त्यानं विचारलं. तिसऱ्या पेटीत, असं ती म्हणाली. तो त्यानं काढून कोटाच्या खिशात घातला. बाकीच्यांचं उद्या बघू, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि पहिली पेटी उचलली.

ती खिडकीशी उभी राहिली. पेट्या एकेक करून खालच्या अंगणात गेल्या आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी पेटी डब्याकडे गेली नाही. ती सायकलच्या कॅरिअरवर चढली. डिंकानं दोरीनं ती घट्ट बांधली, चोरासारखं इकडे तिकडे पाहिलं, फक्त वर पाहायचं विसरला, आणि सायकल ढकलत दुकानाच्या दिशेनं निघाला. वडिलांचा जबडा सहाव्या पेटीत होता, तिनंच तो सगळ्यांत वर ठेवला होता.

खिडकी उघडी होती. एक हाक मारली असती तर तो गल्लीच्या तोंडाशी सापडला असता, आणि असं रंगेहाथ पकडायची संधी पुन्हा एकतीस वर्षांत आली नसती. काय म्हणायचं तेही तिच्या जिभेवर तयार होतं. सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं खिडकी लावून घेतली आणि निळ्या कापडाला कात्री लावली.